ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड: तिसाव्या सायकलच्या आसपास कॉलनी गुदमरते, तेव्हा कुठून बघायला सुरुवात करायची

ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड या वसाहत सांभाळायच्या गेममधला हा एकच प्रॉब्लेम मी इतक्या जणांच्या सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) दुरुस्त केलाय की आता फाइल उघडायच्या आधीच साधारण अंदाज येतो. नव्या माणसाची पहिली दहा-पंधरा सायकल (म्हणजे गेममधले दिवस) मजेत जातात, बेड लागतात, संडास होतो, रिसर्च सुरू होतो, प्रिंटिंग पॉडमधून नवे ड्यूप, म्हणजे कॉलनीतली माणसं, येत राहतात आणि मग विसाव्या ते चाळिसाव्या सायकलच्या मधे कधीतरी कुणीतरी गुदमरायला लागतं. माणूस घाबरून तिसरा डिफ्यूझर (अल्गीपासून, म्हणजे शेवाळापासून, ऑक्सिजन बनवणारं मशीन) लावतो, मग चौथा, आणि कॉलनी आणखी लवकर मरते. म्हणून काहीही बांधायच्या आधी स्पेसबार दाबून गेम पॉज करा. पॉजमध्ये कुणी मरत नाही, हवा तेवढा वेळ घ्या.

आधी लक्षणं बघा, तुमचं यात बसतंय का:

– डाव्या बाजूला गुदमरल्याची सूचना सारखी येते आणि तिच्यावर क्लिक केलं की कॅमेरा दरवेळी बेसच्या साधारण त्याच भागात जातो.
– बेसच्या वरच्या मजल्यांवर हवा भरपूर, खाली बेड किंवा शेतीपाशी मात्र नाही.
– डिफ्यूझर थांबलेला दिसतो आणि अल्गी तर शिल्लक आहे.
– दिवसा ठीक चालतं, झोपेच्या वेळी गडबड होते.
– मशीन चालू-बंद होतात, मधेच एखादी वायर तुटलेली दिसते.
– हवेचं निस्तरेपर्यंत मीलवूड, म्हणजे खाण्यासाठी लावलेलं रोप, वाढायचं थांबलेलं असतं.

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठीच आहे. मी बेस गेमचे, टेरा लघुग्रहावरचे आकडे धरतोय, कारण नवीन माणूस बहुतेक तिथूनच सुरू करतो.

दोन आकडे डोक्यात पक्के बसवा. एक ड्यूप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक सायकल ६०० सेकंदांची, म्हणजे माणशी ६० किलो ऑक्सिजन. आणि एक ऑक्सिजन डिफ्यूझर सेकंदाला ५०० ग्रॅम देतो, म्हणजे सतत चालला तर पाच ड्यूपना पुरतो. आता तुमचे ड्यूप मोजा आणि डिफ्यूझर मोजा. आठ ड्यूप आणि दोन डिफ्यूझर असतील तर कागदावर हवा पुरते आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक सेव्हमध्ये ती पुरतच होती. हवा बनत होती, पोचत नव्हती. म्हणून खालचा क्रम असा ठेवलाय की नवीन काही बांधायची वेळ शक्यतो येऊच नये.

पहिलं, एफ१ दाबा. फुकट आहे

ऑक्सिजनचा ओव्हरले, म्हणजे बेसवरचा रंगीत नकाशा, उघडेल. निळा भाग श्वासाला चांगला, गुलाबी-लालसर भाग श्वासाला निरुपयोगी. आता सूचनेवर क्लिक करून गुदमरणारा ड्यूप नेमका कुठे आहे ते बघा. तो बेसच्या बाहेर लांब कुठेतरी खोदत असेल तर कॉलनीला काही झालेलं नाही, तो एकटा हवेच्या बाहेर गेलाय, तिथली खोदायची ऑर्डर रद्द करा म्हणजे तो परत फिरेल. आणि तो खड्ड्यात अडकला असेल, वर यायला शिडी नसेल, तर शिडीची ऑर्डर टाकून तिची प्रायॉरिटी ९ करा आणि दुसऱ्या कुणाला तरी तिकडे पोचता येतंय ना ते बघा. हे एवढंच असेल तर काम झालं.

हे आधी का बघायचं, तर एकट्या ड्यूपची अडचण आणि सगळ्या बेसची अडचण यांची सूचना सारखीच दिसते. एकाच्या चुकीच्या जागेसाठी लोक सगळ्या बेसची पाइपलाइन उलथीपालथी करतात.

दुसरं, हवा अडली आहे का

इथे मी जरा थांबणार आहे कारण निम्म्याच्या वर सेव्ह इथेच सुटतात.

कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा जड, तो खाली बसतो. हायड्रोजन हलका, तो छताला जातो. बेसच्या तळाला साचलेला कार्बन डायऑक्साइड आपोआप कुठे जात नाही, रोज थोडा थोडा चढत राहतो. आठ ड्यूप असतील तर सेकंदाला १६ ग्रॅम, म्हणजे सायकलला ९.६ किलो, तीस सायकलमध्ये २८८ किलो. एका टाइलमध्ये साधारण दोन किलो दाबाने धरला तरी जवळजवळ दीडशे टाइलची जागा नुसती त्याने भरते. ही पातळी एक दिवस बेडच्या उंचीला येते आणि तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, कारण तोवर सगळं ठीकच चाललेलं असतं. आणि बेसच्या आत कोळशाचा जनरेटर ठेवला असेल तर तो एकटा सेकंदाला २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे दहा ड्यूपइतका. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

एका मित्राची सेव्ह होती, सायकल ३४, नऊ ड्यूप. मीप नावाचा ड्यूप आणि आणखी दोघं सगळ्यात खालच्या रांगेत झोपायचे आणि रोज रात्री गुदमरायचे. मित्राने तोपर्यंत चार डिफ्यूझर लावले होते, चारही वरच्या मजल्यावर एका खोलीत. एफ१ दाबल्यावर ती खोली गडद निळी आणि खालचे दोन मजले गुलाबी. डिफ्यूझरवर क्लिक केलं तर दाब जास्त असल्याची खूण, कारण आजूबाजूचा दाब १८०० ग्रॅमला पोचला की डिफ्यूझर थांबतो. खोलीला खाली सलग साधी टाइल, दोन्ही बाजूंना भिंती, मधे एक एअरलॉक. ऑक्सिजन आतच कोंडलेला आणि मशीन बंद पडलेलं. आम्ही जमिनीतल्या चार साध्या टाइल काढून तिथे एअरफ्लो टाइल (हवा आरपार जाऊ देणाऱ्या) टाकल्या, बेडच्या खाली दोन मजले खोल एक खड्डा खणला म्हणजे कार्बन डायऑक्साइडला उतरायला जागा झाली, आणि दीड सायकलमध्ये बेडची रांग निळी झाली. दोन डिफ्यूझर तर नंतर काढूनच टाकले.

तर तुमच्याकडे हे बघा: प्रत्येक डिफ्यूझरवर क्लिक करा, दाबाचं कारण देऊन थांबलाय का? थांबला असेल तर तुम्हाला ऑक्सिजन कमी नाही, वाट कमी आहे. मजल्यांच्या मधे एअरफ्लो टाइल टाका. त्या अजून रिसर्चमध्ये उघडल्या नसतील तर एक टाइल काढून तिथे शिडी लावा, शिडीतून हवा जाते. बेसच्या आतली एअरलॉक दारं काढा, ती हवा अडवतात, आत साधं न्यूमॅटिक दार पुरतं. बेड आणि जेवणाची जागा वरच्या मजल्यांवर न्या. तळाला खड्डा ठेवा आणि कोळशाचा जनरेटर त्या खड्ड्यात किंवा बेसच्या बाहेर हलवा.

खड्डाही कधीतरी भरतो. तेव्हा कार्बन स्किमर लावायचा, तो सेकंदाला ३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड खातो पण त्याला सेकंदाला १ किलो पाणी आणि १२० वॅट लागतात, आणि पाणी घाण होऊन बाहेर येतं. घाईत लावू नका, चाळीस सायकलपर्यंत नुसत्या खड्ड्यावर आरामात भागतं.

एक गोष्ट इथेच सांगतो, प्रदूषित ऑक्सिजन दिसला म्हणून दचकू नका. तो ड्यूपना श्वासाला चालतो, गुदमरायचं कारण तो नाही. संडास भरून कुणी जमिनीवर घाण केली असेल तर त्यातून तो निघत राहतो, तेवढं पुसून घ्या आणि वाळू घालून एक डिओडोरायझर ठेवा, ५ वॅटवर चालतो. चिखलाच्या बायोममधून (नकाशाच्या त्या भागातून) आलेला असेल तर मात्र तिकडची वाट बंद करा, त्यात स्लाइमलंग या आजाराचे जंतू असतात.

तिसरं, वीज

एफ२ दाबा, विजेचा ओव्हरले उघडेल. डिफ्यूझर १२० वॅटचा, दोन म्हणजे २४०. साधी बॅटरी १० किलोज्यूल साठवते, म्हणजे नुसत्या दोन डिफ्यूझरवर ती चाळीस-एक सेकंदांत रिकामी होते. आता वेळापत्रक उघडा. सुरुवातीला त्यात झोपेचे तीन खाने असतात, एक खाना २५ सेकंदांचा, म्हणजे ७५ सेकंद सगळे झोपलेले आणि मॅन्युअल जनरेटरच्या चाकावर पळून वीज करायला कुणीच नाही. "दिवसा ठीक, रात्री गडबड" हे लक्षण बहुतेक इथून येतं. ज्या बेसमध्ये हवेचा दाब चांगला असतो तो एवढा वेळ सहज काढतो, जो आधीच काठावर आहे तो काढत नाही.

उपाय स्वस्त आहेत. तीन बॅटऱ्या करा. एका ड्यूपला वेगळं वेळापत्रक द्या म्हणजे बाकीचे झोपले की तो जागा असेल. प्रायॉरिटीच्या तक्त्यात मशीन चालवायचं काम कुणाचं तरी वर ठेवलंय ना ते तपासा, मी अशी सेव्ह पाहिलीये जिथे सगळ्यांचं ते काम बंद होतं आणि मॅन्युअल जनरेटर नुसता शोभेला उभा होता.

मग वायर. साध्या वायरला १००० वॅटची मर्यादा आहे आणि ती किती पटकन ओलांडते बघा: दोन डिफ्यूझर २४०, पाण्याचा पंप २४०, वॉटर सिव्ह १२०, मायक्रोब मशर २४०, फ्रिज १२०, सुपर कॉम्प्युटर १२०. झाले १०८०. सगळं एकदम चालू झालं की वायरचा कुठलातरी तुकडा जळतो, डिफ्यूझर त्याच्या पलीकडे असेल तर तो बंद, आणि ज्याने वायर दुरुस्त करायची तोच धापा टाकतोय. म्हणून डिफ्यूझरची लाइन वेगळी करा. एक मॅन्युअल जनरेटर ४०० वॅट देतो, तो आणि दोन-तीन बॅटऱ्या फक्त हवेसाठी, बाकी कशालाही त्या लाइनवर जोडू नका. माझ्या मते नव्या माणसाने पहिल्या दहा सायकलमध्ये करायची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती कुणी करत नाही.

चौथं, अल्गी आहे म्हणजे मशीनमध्ये आहे असं नाही

वरच्या यादीत अल्गीचे दोन टन दिसतात आणि डिफ्यूझर मात्र रिकामा, असं झालं तर ती अल्गी कुठे पडलीये ते शोधा. खड्ड्याच्या तळाला, शिडी नसलेल्या कोपऱ्यात, पाण्याखाली, अशा ठिकाणी असते. डिफ्यूझरच्या शेजारी एक स्टोरेज बिन ठेवा, त्यात फक्त अल्गीवर खूण करा, प्रायॉरिटी ७. पोचवायचं काम कुणाकडे आहे तेही बघा.

पोचत असेल तर मग किती दिवसांची आहे ते मोजा. डिफ्यूझर ५०० ग्रॅम ऑक्सिजनसाठी ५५० ग्रॅम अल्गी खातो. आठ ड्यूपचा खर्च सायकलला ५२८ किलो. सहा टन उरली असेल तर हातात अकरा सायकल आहेत, बास. हा आकडा कागदावर लिहून ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पाचवं, माणसं

प्रिंटिंग पॉड दर तीन सायकलनी विचारतो आणि नवीन माणूस दरवेळी हो म्हणतो. हे मन घट्ट करून थांबवा. पॉडमध्ये कधीकधी ड्यूपऐवजी सामानाची पेटी मिळते, अल्गी किंवा खाणं असेल तर ती घ्या, नाहीतर सगळं नाकारा. प्रत्येक नवा ड्यूप म्हणजे सायकलला ६० किलो ऑक्सिजन आणि १००० किलोकॅलरी. मीलवूडचं एक रोप तीन सायकलमध्ये ६०० किलोकॅलरी देतं, म्हणजे एका ड्यूपला पाच रोपं, आणि रोपाला सायकलला १० किलो माती. आठ जणांना चाळीस रोपं आणि रोज ४०० किलो माती. हवा वाचली तरी माती संपते.

ड्यूप निवडताना माउथ ब्रीदर हा अवगुण असेल तर घेऊ नका, तो दुप्पट ऑक्सिजन घेतो, म्हणजे एका ताटावर दोघांचं जेवण. डायव्हर्स लंग्ज असेल तर तो २५ ग्रॅम कमी घेतो, तसा मिळाला तर चांगलंच. पहिल्या पन्नास सायकलला सहा ते आठ ड्यूप भरपूर होतात, मी स्वतः आठच्या वर जात नाही.

सहावं, आणीबाणी

वरचं सगळं केलं आणि तरी दोन-तीन सायकल निभावून न्यायची आहेत, तर अल्गी टेरॅरियम. त्याला वीज लागत नाही म्हणून ते अडचणीला धावून येतं. एक टेरॅरियम ४० ग्रॅम ऑक्सिजन देतं, सेकंदाला ३० ग्रॅम अल्गी आणि ३०० ग्रॅम पाणी घेऊन, म्हणजे माणशी अडीच. पाणी फार खातं आणि घाण पाणी परत काढावं लागतं, त्यामुळे बेडजवळ चार-पाच लावायची आणि संकट टळलं की मोडायची. बेसच्या आसपास ऑक्सिलाइट असेल तर तो उघडा पाडा, तो स्वतःच ऑक्सिजन सोडतो.

रेड अलर्ट लावू नका. त्यात सगळे झोप आणि जेवण सोडून कामाला लागतात, ताण वाढतो, आणि अर्ध्या सायकलने तुमच्याकडे हवेबरोबर भूक आणि तोडफोड अशा आणखी दोन अडचणी असतात.

सातवं, इलेक्ट्रोलायझर. अवघड आहे, पण इथे यावंच लागतं

अल्गी संपणारच. तुमचा वरचा कागदावरचा आकडा दहा सायकलच्या आत आला की हे काम सुरू व्हायला हवं, संपल्यावर सुरू केलं तर वेळ पुरत नाही. इलेक्ट्रोलायझर सेकंदाला १ किलो पाणी घेऊन ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन देतो, १२० वॅटवर. म्हणजे एका मशीनवर आठ माणसं बसतात. पाण्याचा खर्च सायकलला ६०० किलो, म्हणून आधी पाण्याची टाकी मोजा.

इथे दोन चुका ठरलेल्या. एक, हायड्रोजन. तो छताला साचतो आणि हळूहळू वरच्या मजल्यांतला ऑक्सिजन खाली ढकलतो, मग वरून गुदमरायला लागतात. छताशी गॅस पंप लावून तो हायड्रोजन जनरेटरला द्या, जनरेटर सेकंदाला १०० ग्रॅम खाऊन ८०० वॅट देतो, म्हणजे मशीनची वीज जवळजवळ सुटते. दोन, उष्णता. निघणारा वायू कमीत कमी ७० अंशांचा असतो. मीलवूड ३० अंशांच्या वर वाढत नाही. त्यामुळे हवा मिळाली म्हणून आनंद होतो आणि पंधरा सायकलनी उपासमार सुरू होते, आणि कुणालाही दोन्हीचा संबंध लागत नाही. एफ३ (तापमानाचा ओव्हरले) रोज बघायची सवय लावा. मशीनची खोली इन्सुलेटेड टाइलने बंद करा, ऑक्सिजनचा पाइप बर्फाच्या बायोममधून फिरवून आणा, बॅटऱ्या आणि जनरेटर शेतापासून लांब ठेवा.

गरम पाण्याच्या गीझरवर सरळ पाइप जोडायचा मोह टाळा, त्याचं पाणी ९५ अंशांचं असतं, साध्या पाइपने शेताजवळून नेलं की सगळी उष्णता वाटेत सांडते.

कुठे थांबायचं

अल्गी संपलेली, पोचता येईल अशी नवीन जागा नाही, इलेक्ट्रोलायझरचा रिसर्च झालेला नाही आणि दोन ड्यूप मेलेत, तर ती कॉलनी ओढत बसू नका. लोड गेममध्ये जुने ऑटोसेव्ह असतात, मरण सुरू व्हायच्या आठ-दहा सायकल आधीचा उघडा आणि तिथून वरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीपासून सुरू करा. यापुढे दर दहा सायकलला स्वतः नवीन नावाने सेव्ह करा, ऑटोसेव्ह पुसले जातात. सातव्या टप्प्यावर तासभर डोकं लावून पाइप जमत नसतील तर सेव्ह फाइल एखाद्या मुरलेल्या खेळाडूला पाठवा, नुसत्या स्क्रीनशॉटवरून दाब आणि तापमान कळत नाही.

आणि काही गोष्टी कॉलनीच्या नसतातच. सेव्ह उघडताना गेम बंद पडतो, ड्यूप समोर काम असून हलत नाहीत, पाइपातलं पाणी जागीच गोठल्यासारखं दिसतं, असं असेल तर आधी सगळे मॉड (बाहेरून टाकलेले बदल) बंद करून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. मग स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि फाइल तपासणी. यानेही जमलं नाही तर तिथेच थांबा, सेव्हची फाइल हाताने उघडून बदलू नका, तिची एक प्रत बाजूला ठेवा आणि क्रॅशची लॉग फाइल जोडून गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला पाठवा.

कॉम्प्युटरच खेळता खेळता आपोआप बंद होत असेल, पंखा जोरात फिरून करपल्याचा वास येत असेल किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगून तळ वर आलेला दिसत असेल, तर गेम पुन्हा सुरू करू नका, चार्जर काढा, स्वतः उघडू नका आणि हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.